सीए इंटरची रेकॉर्डेड लेक्चर्स: व्हिडिओ संपला, टॉपिक नाही

ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगची बॅच घेतली, ॲपवर आकडा दिसला: १६० तास. (क्लासगणिक हा आकडा कमीजास्त असतो, हिशेबापुरता धरू.) लगेच मनात गणित सुरू होतं. रोज चार तास बघितलं की चाळीस दिवसांत विषय खलास. चाळीस दिवसांत खलास होतात ती लेक्चर्स. विषयाला तेवढेच तास पुन्हा वहीवर द्यावे लागतात, आणि ते त्याच दिवशी दिले नाहीत तर पुढे जास्त लागतात, कारण तोवर सरांनी ते गणित तसंच का सोडवलं हे डोक्यातून गेलेलं असतं.

म्हणून अकाउंट्स, कॉस्टिंग आणि एफएमला (फायनान्शियल मॅनेजमेंट) घड्याळाचा एक तास लेक्चर, एक तास स्वतः सोडवणं, असं धरा. सव्वापट वेगाने रोज अडीच तास बसलात तर तीन तासांहून थोडं जास्त लेक्चर पुढे सरकतं. नंतरचे अडीच तास वहीचे. रविवारी नवीन लेक्चर नाही. या चालीने १६० तासांना साधारण साडेआठ आठवडे लागतात. एका ग्रुपमध्ये तीन पेपर असतात आणि इंटरची परीक्षा आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, त्यामुळे कुठल्या अटेम्प्टला बसायचं हे आधी या साडेआठ आठवड्यांवरून ठरवा, मित्र कुठला अटेम्प्ट देतोय यावरून नको.

वेगाचं एक वेगळंच खूळ असतं. हिशेब करून बघा. १६० तास सव्वापटीने १२८ होतात, म्हणजे ३२ तास वाचले. दीडपटीने १०७, आणखी २१ वाचले. पावणेदोनपटीने ९१ आणि दुपटीने ८०. म्हणजे पावणेदोनवरून दुपटीवर जाऊन हातात पडतात फक्त अकरा तास. दोन महिन्यांत पसरले तर रोजची अकरा मिनिटं. मागे ओढून पुन्हा बघण्यात ती कधीच जातात, शिवाय सोडवताना अडखळता ते वेगळंच. गणिताच्या विषयाला सव्वापट, फार तर दीडपट. दुपटीचा वेग रिव्हिजनला ठेवा, तेव्हा पुढचं वाक्य आधीच माहीत असतं.

बॅच घेण्याआधी क्लासला फोन करून काही गोष्टी नीट विचारून घ्या. ‘दीड व्ह्यू’ (बॅचच्या तासांच्या दीडपट बघायची मुभा) म्हणजे १६० तासांच्या बॅचला २४० तास, इथवर सगळे सांगतात. पण मोजणी घड्याळाच्या मिनिटांची की लेक्चरच्या मिनिटांची? दीडपट वेगाने बघताना या दोन्हींत खूप फरक पडतो. मागे ओढून बघितलेला भाग पुन्हा मोजला जातो का? पॉज करून प्लेअर उघडा राहिला तर काय होतं? व्हॅलिडिटी खरेदीपासून की ॲक्टिव्हेशनपासून? लॅपटॉप बिघडला तर दुसऱ्यावर चालेल का, त्याचे पैसे पडतील का? आणि अमेंडमेंटचे (कायद्यातल्या बदलांचे) व्हिडिओ त्याच पैशांत आहेत का? उत्तरं फोनवर मिळाली तरी मेल टाकून लेखी घ्या. ॲक्टिव्हेशन अभ्यास सुरू करायच्या दिवशीच करा, पार्सल आलं त्या दिवशी नव्हे.

आता मुख्य गोष्ट, पॉजचं बटण. एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड) २० म्हणजे अर्निंग्ज पर शेअरचं (ईपीएस, दर शेअरमागची कमाई) लेक्चर घ्या. स्क्रीनवर गणित येतं: ४,००,००० शेअर, १ जुलैला चारास एक राईट इश्यू (जुन्या भागधारकांना चार शेअरमागे एक नवा शेअर, ठरलेल्या भावात), राईटचा भाव ६० रुपये, राईटआधीचा बाजारभाव ८५, वर्ष मार्चअखेर. वेटेड ॲव्हरेज शेअर किती? सर ‘चला, करूया’ म्हणाले की पॉज. पेन हातात.

एक्स-राईट भाव, म्हणजे राईटनंतर शेअरचा निघणारा भाव: ४,००,००० गुणिले ८५ अधिक १,००,००० गुणिले ६०, भागिले ५,००,०००. आले ८० रुपये. फॅक्टर ८५ भागिले ८०, म्हणजे १.०६२५. पहिल्या तीन महिन्यांना ४,००,००० × १.०६२५ × ३/१२ = १,०६,२५०. पुढच्या नऊ महिन्यांना ५,००,००० × ९/१२ = ३,७५,०००. एकूण ४,८१,२५०.

हेच पॉज न करता बघितलं तर प्रत्येक ओळीला मान डोलते आणि सगळं कळल्यासारखं वाटतं. रात्री कोऱ्या कागदावर करायला घेतलं की ४,७५,००० येतात, कारण फॅक्टर लावायचाच राहिला. किंवा ५,०४,६८८ च्या आसपास काहीतरी येतं, कारण तो दोन्ही काळांना लावला. राईटचा भाव बाजारभावाहून कमी असल्याने त्यात बोनसचा अंश दडलेला असतो, आणि तो आधीपासूनच होता असं धरून फक्त राईटपूर्वीचे महिने सुधारायचे असतात. जुलैनंतर खरेच ५,००,००० शेअर आहेत, तिथे सुधारायला काही उरत नाही. मागच्या वर्षीचा ईपीएसही याच फॅक्टरने भागायचा असतो, तो तर हमखास विसरतो. ही चूक तुमच्या हातून आधी व्हायला हवी आणि सरांचं स्पष्टीकरण त्यानंतर कानावर पडायला हवं. मग ते डोक्यात बसतं. मार्जिनमध्ये लाल पेनाने एवढंच लिहा: ‘फॅक्टर फक्त राईटपूर्वीच्या महिन्यांना’. शेजारी लेक्चर नंबर आणि मिनिट, उदाहरणार्थ ‘ले. ३७, १ तास १२’. पुढे शंका आली तर अख्खं लेक्चर उपसावं लागत नाही.

पॉजवर किती थांबायचं? पेपर १०० मार्कांचा, वेळ तीन तास, म्हणजे मार्काला १.८ मिनिटं. पाच मार्कांच्या गणिताला नऊ मिनिटं होतात. शिकताना त्याच्या दीडपट, तेरा-चौदा मिनिटं द्या. अडलात तर अर्धा मिनिट प्ले करून एक पायरी बघा आणि पुन्हा पॉज. पूर्ण उत्तर बघून मग ‘आलं असतं मला’ म्हणायचं नाही. प्रत्येक गणिताला असं थांबायची गरज नाही, एका प्रकारातली पहिली दोन सरांसोबत करा, पॉज तिसऱ्यापासून.

नोट्सच्या बाबतीत सरळ सल्ला: क्लासचं छापील पुस्तक असताना बोर्ड उतरवू नका. सुंदर अक्षरात, चार रंगांत उतरवलेल्या वह्या रिव्हिजनला कुणी उघडत नाही, अभ्यासिकेत शेजारच्याला दाखवायला तेवढ्या बऱ्या. वेगळी एकच वही असू द्या, चुकांची. चॅप्टर, गणिताचा नंबर, काय चुकलं, एवढ्या एका ओळीत. तीन विषयांची मिळून ही वही शंभर पानांच्या आत राहते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच हातात लागते.

लॉ आणि ऑडिटला वरची पद्धत चालत नाही. तिथे आधी आयसीएआयच्या (सीएची परीक्षा घेणारी संस्था) मॉड्यूलमधला, म्हणजे तिच्या अभ्यासपुस्तकातला, तो भाग पंधरा मिनिटं नुसता वाचा, मग दीडपट वेगाने लेक्चर, आणि संपताच पुस्तक मिटून तरतूद आपल्या शब्दांत लिहा. त्यानंतर मॉड्यूलच्या भाषेशी ताडून बघा. ऑडिटमध्ये मार्क जातात ते भाषेपायी. मुद्दा बरोबर, पण स्टँडर्डचे शब्द नाहीत, मग उत्तर पोकळ दिसतं. प्रत्येक पेपरला ३० मार्क एमसीक्यूचे असतात, त्यामुळे त्याच संध्याकाळी त्या चॅप्टरचे दहा-पंधरा एमसीक्यू सोडवा. ‘चॅप्टर संपल्यावर एकदम करू’ हा बेत क्वचितच तडीस जातो. लोकलच्या प्रवासात नवीन लेक्चर बघू नका. लॉचं झालेलं लेक्चर कानाला लावायला मात्र प्रवास उत्तम.

टॅक्समध्ये रेकॉर्डिंगचा खरा धोका आहे. गणित बरोबर, पण बॅच जुन्या अटेम्प्टची. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ आला: कलमांचे क्रमांक बदलले, ‘प्रीव्हियस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’च्या जागी ‘टॅक्स इयर’ आलं. त्यामुळे सीनियरकडून आलेला पेनड्राइव्ह कितीही स्वस्त पडला तरी आधी आयसीएआयने तुमच्या अटेम्प्टसाठी लागू म्हणून जाहीर केलेल्या तरतुदी बघा. कॉस्टिंगचं जुनं रेकॉर्डिंग सिलॅबस तोच असेल तर चालतं. टॅक्सचं जुनं रेकॉर्डिंग म्हणजे दोनदा अभ्यास.

बॅकलॉग सगळ्यांचाच होतो. तीन लेक्चर्स मागे पडली म्हणून रविवारी दहा तासांची मॅरेथॉन लावली की सोमवारही हातचा जातो. त्याऐवजी मागे पडलेलं काय आहे ते बघा. अकाउंटिंग स्टँडर्ड्स बहुतेक एकेकटी उभी असतात. एखाद्याचं लेक्चर सोडून मॉड्यूलमधली उदाहरणं सोडवलीत तरी पुढचं अडत नाही. कन्सॉलिडेशनचं (मूळ कंपनी आणि उपकंपनीचे हिशेब एकत्र मांडणं) तसं नाही. प्री आणि पोस्ट ॲक्विझिशन नफ्याचं लेक्चर चुकलं की मायनॉरिटी इंटरेस्टपासून पुढचं सगळं हवेत लटकतं. ते सोडायचं नाही, आजचं नवीन लेक्चर थांबवून तेच बघायचं.

शेवटचं लेक्चर कधी बघायचं, याची तारीख कॅलेंडरवर आजच टाका: पहिल्या पेपरच्या ४५ दिवस आधी. त्या दिवशी जे उरलं असेल त्याची यादी करा, प्रत्येकासमोर मॉड्यूलचं पान लिहा आणि ॲप बंद. उरलेले व्ह्यू फुकट जातात म्हणून जीव जळतो, जळू दे. ते ४५ दिवस आयसीएआयच्या आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) आणि घड्याळ लावून लिहिलेल्या तीन-तीन तासांच्या पेपरांचे आहेत.