कपाळावरचा पांढुरका डाग

"कपाळाला कसर लागलीय. तेवढी भरून काढा आणि कुंकू लावून द्या," आजी म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. सोबत नात होती, आणि जुन्या पातळात गुंडाळलेली एक चौकट. आत त्यांच्या आजेसासूबाईंचं पेन्सिलचं चित्र.

जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करणं हे माझं काम. घरच्यांना माहीत होतं ते एवढंच: आजेसासरे 1897च्या प्लेगात गेले, चित्र त्याआधीचं. काढलं कुणी, ठाऊक नाही.

चित्र चौकटीतून सोडवलं, खोलीतले दिवे मालवले आणि एकच दिवा कडेनं, कागदाला जवळजवळ टेकवून धरला. कसर कागदावरची खळ खाते, तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात. इथे मात्र कागदाचे तंतू एकाच दिशेनं उठले होते. कुणीतरी खरखरीत रबरानं जोर लावून घासलं होतं. आणि तेही तीनच ठिकाणी: कपाळ, डावी नाकपुडी, गळा. ग्रॅफाइट निघून गेलं तरी पेन्सिल दाबल्याचा खळगा कागदात राहतो. कपाळावर तो गोल होता. नाकाशी नथीचा बाक, गळ्याशी दोन वाट्या.

नवरा गेल्यावर चित्रातल्या बाईचंही सौभाग्य उतरवलं होतं.

काळ डोळ्यांसमोर आणा. विधवांची डोकी भादरणार नाही, असं मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं जाहीर केलं ते 1890 साली. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तर त्यांच्याच गावानं, मुरूडनं, त्यांना वाळीत टाकलं. अशा दिवसांत कागदावरचं कुंकू तरी कोण राहू देणार?

मी भिंगाखाली चेहरा पाहत राहिले. फोटोवरून काढलेल्या चित्रात पुष्कळदा चौकोन आखल्याच्या पुसट खुणा सापडतात. इथे त्या नव्हत्या. हनुवटीशी चार-पाच रेघा एकमेकींवर होत्या, म्हणजे चित्र काढणारा समोर बघून आकार शोधत होता. पदर दोन रेघांत उरकलेला, सगळा जीव डोळ्यांत ओतलेला. ती थेट त्याच्याकडे पाहते आहे, ओठांच्या कोपऱ्यात हसू, डोक्यावर पदर नाही. त्या काळातल्या ब्राह्मण घरची सून परक्या पुरुषापुढे अशी तासन् तास बसेल, हे मला पटेना. काढणारा घरातलाच असणार.

गालावरच्या छटेच्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरत होत्या. उजव्या हाताच्या रेघा सहसा उलट्या पडतात.

"आजी, घरात कुणी डावखुरं होतं?"

त्यांनी नातीकडे पाहिलं. "हिचा बाप आहे. माझे सासरेही होते, मास्तरांच्या छड्या खाऊन उजव्या हातानं लिहायला शिकले. म्हणायचे, हे वडिलांकडून आलंय."

यानं पुरावा होत नाही, तसं मी त्यांना सांगितलं. पण माझ्या मनाला विचाराल तर ते चित्र नवऱ्यानंच काढलेलं आहे.

कुंकू मी भरलं नाही. कागदावरचं आम्ल काढलं, फाटलेली कड जपानी कागदानं सांधली, मागचा पुठ्ठा बदलला. ते खळगे बुजवायला माझा हात धजला नसता, आणि आजींनीही पुन्हा आग्रह धरला नाही.

त्या दिवशी निघताना मी खोलीतले दिवे लावले, तशा त्या म्हणाल्या, "थांब. तो कडेचा एकदा परत लाव."