फ्रिजचा गॅस आणि म्युऑन

कण-भौतिकीत काम करते म्हटलं की समोरचा लगेच हिग्ज बोसॉनवर येतो. मी सध्या गॅस बदलण्याच्या मागे आहे, असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. पण माझी प्रयोगशाळा गेले कित्येक महिने त्याच गॅसभोवती फिरते आहे.

माझा डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं यंत्र, आहे आरपीसी, रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर. सांतोनिको आणि कार्दारेल्ली या दोघांनी 1981 साली तो मांडला. बेकलाइटच्या किंवा काचेच्या दोन पाट्या, मध्ये दोन मिलिमीटरची फट, फटीत गॅस, पाट्यांना बाहेरून ग्राफाइटचा लेप आणि त्यावर दहा हजार व्होल्टच्या आसपास विजेचा दाब. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्हणावा असा कण, आरपार गेला की गॅसमधले थोडे इलेक्ट्रॉन सुटतात, ते धावता धावता आणखी सोडवतात आणि बाहेरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर सिग्नल उमटतो. पाट्यांमधून वीज सहज वाहत नसल्यामुळे तेवढ्याच ठिपक्यापुरता विजेचा दाब उतरतो. बाकीची पाटी पुढच्या कणासाठी सज्जच असते. रचना इतकी साधी की हसू यावं, पण वेळ सांगते ती साधारण नॅनोसेकंदापर्यंत. सर्न या प्रयोगशाळेच्या एलएचसी नावाच्या प्रचंड त्वरकात (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) प्रोटॉनांचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी एकमेकांना भिडतात. म्युऑन त्यातल्या कुठल्या भेटीतला, हे ओळखायला तेवढं पुरतं.

करामत सगळी गॅसची. नेहमीच्या मिश्रणात सुमारे 95 टक्के आर-134ए असतो, म्हणजे फ्रिजमध्ये आणि गाड्यांच्या एसीत वापरतात तोच. म्युऑनने इलेक्ट्रॉन सोडवायचे ते मुख्यतः याच्यातून. साडेचार टक्के आयसोब्युटेन अतिनील प्रकाश गिळतो, नाहीतर एका जागचा प्रकाश दुसरीकडे नवा भडका उडवेल. आणि अगदी चिमूटभर, 0.3 टक्के सल्फर हेक्साफ्लोराइड. तो सुटे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो आणि इलेक्ट्रॉनांच्या लाटेचा 'स्ट्रीमर' होऊ देत नाही. स्ट्रीमर म्हणजे जवळजवळ ठिणगीच; सिग्नल दणदणीत मिळतो, पण डिटेक्टर लवकर म्हातारा होतो.

आता अडचण. आर-134ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ करतो, आणि ती चिमूट तर जवळपास 23,000 पट. उद्योगांसाठी हे गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. उद्या ते महागणार आणि परवा मिळणारच नाहीत. म्हणून आम्ही सगळे एचएफओ-1234झेडई नावाच्या वायूकडे वळलो. त्याच्या रेणूत कार्बनचा दुहेरी बंध आहे, त्यामुळे हवेत गेला की तो काही आठवड्यांच्या आत मोडतो आणि वातावरणात साचत नाही. पण सहज मोडणारा रेणू डिटेक्टरच्या आतही मोडतोच! विद्युत क्षेत्र आणि प्रारण दोन्ही असलं की फ्लोरिन सुटतो आणि ओलावा मिळाला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. काच कोरायला वापरतात ते. ज्या गुणासाठी निवडला, तोच गुण पाटीच्या मुळावर.

शिवाय याला व्होल्टेज बरंच जास्त लागतं, आणि बसवलेल्या केबल व वीजपुरवठे काही कुणी बदलून देत नाही. मग व्होल्टेज उतरवायला कार्बन डायऑक्साइड मिसळायचा. तो मिसळला की स्ट्रीमर वाढतात. ते आवरायला पुन्हा सल्फर हेक्साफ्लोराइड. ज्याला हाकललं तोच मागच्या दाराने आत!

मोजणी मात्र मला मनापासून आवडते. वर एक सिंटिलेटर (कण गेला की चमकणारी पट्टी), खाली एक, मध्ये आरपीसी. दोन्ही सिंटिलेटर एकदमच चमकले तर म्युऑन मधून गेलाच असणार. आरपीसीने तो पाहिला का, एवढाच प्रश्न. म्युऑन आकाशातून फुकट मिळतात, समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक. व्होल्टेज चढवत गेलं की कार्यक्षमता हळूहळू, मग झपाट्याने वाढते आणि 95 टक्क्यांच्या वर सपाट होते. त्या पठारावर काम करायचं. हवेचा दाब उतरला किंवा खोली तापली तर गॅस विरळ होतो, तोच आलेख डावीकडे सरकतो आणि व्होल्टेजची दुरुस्ती करावी लागते. बॅरोमीटर न पाहता आलेख दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मी परत पाठवते.

पण पठार मिळालं म्हणजे गॅस पास झाला, हे मला पटत नाही. खरी परीक्षा म्हातारपणाची. सर्नच्या जीआयएफ++ या प्रारण-चाचणी केंद्रात सिझियम-137 च्या गॅमा किरणांखाली आरपीसी दीर्घकाळ ठेवतात आणि नुसता गळणारा विजेचा प्रवाह बघत बसतात. कंटाळवाणं काम, त्यावर निबंध लवकर निघत नाहीत, म्हणून कमी लोक करतात. दरम्यान एलएचसीवरच्या ॲटलास प्रयोगाने 2023 मध्ये मधली वाट धरली: एचएफओ नाही, आर-134ए मधलाच काही भाग काढून तिथे 30 टक्के कार्बन डायऑक्साइड. मला ते शहाणपणाचं वाटतं. त्याहून मोठी बचत गळती बुजवण्यात आहे, कारण गॅस फिरवून पुन्हा वापरला तरी तडकलेल्या नळीतून जायचा तो जातोच. तडा बहुधा अशा जागी असतो, जिथे हात पोचत नाही.

पुढच्या फेरीत एचएफओ तेवढाच ठेवून सल्फर हेक्साफ्लोराइड निम्म्यावर आणणार आहे. स्ट्रीमर दहा टक्क्यांच्या आत राहिले तर पुढचं बोलू.