कमिशनवर फ्लॅट विकायला जाण्याआधी

पर्वरी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे फ्लॅट विकायला माणसं हवी असतात. पगार नाही, फक्त कमिशन. अशी ऑफर आली की सगळे आधी टक्का किती ते विचारतात. माझ्या मते आधी विचारायला हवं, पैसे हातात कधी पडणार?

हिशोब करून बघा. ६० लाखांचा फ्लॅट, एजन्सीला २ टक्के म्हणजे १ लाख २० हजार, त्यात तुमचा वाटा ३० टक्के धरला तर ३६,०००. वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं की आयकरापोटी २ टक्के टीडीएस कापतात, म्हणून हातात ३५,२८०. दोन महिन्यांत एक व्यवहार झाला तर महिन्याला १७,६४० पडतात. पेट्रोल, मोबाइल, बाइकची सर्व्हिसिंग यांचे ७,००० गेले की उरले १०,६४०. पीएफ नाही, ईएसआय नाही. पावसात साइट व्हिजिट कमी होतात ते वेगळंच.

आणि हे व्यवहार वेळेवर झाले तर. बुकिंग म्हणजे विक्री नव्हे. रेराखालच्या, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पात विक्रीचा करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्यापुढे गिऱ्हाइकाचं कर्ज आणि बँकेच्या वकिलाची तपासणी. जुनं घर किंवा प्लॉट असला तर गोव्यात आणखी लांबतं. इथल्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराचीही सही लागते. मालक वारला असेल तर वारस ठरवणारा दस्त किंवा कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्तेची वाटणी करण्याची प्रक्रिया, हवी. एक वारस मुंबईत, दुसरा पोर्तुगालात, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच तो) अजून आजोबांचंच नाव, आणि जागा बिगरशेती करून घेण्याची सनद कुणी काढलेलीच नाही. मे महिन्यात दाखवलेल्या घराचे पैसे दिवाळीनंतरही येत नाहीत, ते यामुळे. म्हणून नवख्याने नव्या, रेरा नंबर असलेल्या प्रकल्पांपासून सुरुवात करावी आणि तो नंबर गोवा रेराच्या वेबसाइटवर स्वतः तपासावा. एजंटचीही नोंदणी लागते. तुम्ही एजन्सीच्या नोंदणीखाली काम करणार की स्वतःची काढायची, हे पहिल्याच दिवशी विचारा. नोंदणीशिवाय विकणाऱ्याला रोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

आता कागद. ‘बिल्डरकडून पैसे आल्यावर’ एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. करार नोंदवल्यावर अर्धं आणि सेल डीडला, म्हणजे खरेदीखताला, उरलेलं, तेही ३० दिवसांच्या आत, असं लिहून घ्या. गिऱ्हाइकाने बुकिंग रद्द केलं तर मिळालेलं कमिशन परत घेणार का? काम सोडल्यावर तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकाने फ्लॅट घेतला तर? यावरूनच सर्वात जास्त भांडणं होतात, म्हणून पहिल्या भेटीच्या दिवशीच गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख ऑफिसला ईमेलने कळवून ठेवा. ट्रेनिंग किंवा डिपॉझिटच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे मागितले तर सरळ उठून या.

घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला असतील, डोक्यावर हप्ता नसेल आणि एजन्सी पहिले तीन महिने निदान पेट्रोलचा खर्च देत असेल, तर जरूर घ्या. चांगला विकणारा यात पगारापेक्षा कितीतरी जास्त कमावतो. पेट्रोलची बिलं मात्र जपून ठेवा. कमिशनच्या उत्पन्नाला आयकरात छोट्या व्यापाऱ्यांची ती अंदाजे नफा दाखवण्याची सोपी सवलत मिळत नाही, खर्च पुराव्यानिशीच दाखवावा लागतो.