बोर्ड बाहेरून का करून घेत नाही?

डावा हात अधू झालेल्या माझ्या भाच्यासाठी मी गेमचा कंट्रोलर करते आणि त्याच्या आतला सर्किट बोर्डही घरीच कोरते. तो बाहेरून का करून घेत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भाच्याच्या मित्रांनी विचारलं, म्हापशाला ज्या दुकानातून मी स्विच आणते तिथल्या मुलाने विचारलं, फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसणाऱ्यांनी विचारलं. वेर्ण्याच्या जुन्या मैत्रिणी तर भेटल्या की हेच काढतात. आता चीनमध्ये दोन डॉलरांत पाच बोर्ड करून देतात, वर हिरवा मुलामा, पांढरी अक्षरं, भोकांच्या आतून तांबं चढवलेलं. मग तू अजून कपड्यांच्या इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर रेघा का उमटवत बसतेस? काहींना विचारायचं असतं ते याहून वेगळंच: एका गेमच्या कंट्रोलरसाठी एवढं कशाला?

कारखान्यातला बोर्ड चांगला असतो हे मला समजावू नका. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सोल्डरिंगच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. दुसऱ्यांचे फसलेले जोड उकलून पुन्हा जोडणं हेच माझं काम होतं. घरच्या बोर्डाच्या भोकांत तांबं नसतं, म्हणून स्विचचे पाय एकाच बाजूने धरले जातात आणि स्विचवर रोज दाब पडला की तांब्याची चकती पत्र्यावरून सुटते. दोन बाजूंचा बोर्ड घरी नीट जमत नाही, म्हणून जिथे दोन ट्रॅक, म्हणजे करंट नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, एकमेकांना आडवे येतात तिथे वरून तारेचा जंपर घालावा लागतो. आणि आमच्याकडचा पावसाळा! उघडं तांबं जूनमध्ये काळवंडतं, श्रावणापर्यंत हिरवं होतं. मी सगळ्या ट्रॅकवर कथिलाचा हात फिरवते, वर लाखेचा फवारा मारते, तरी ते टिकण्याची खात्री नसते. हे सगळं मान्य करूनच पुढचं सांगते आहे.

भाच्याच्या डाव्या खांद्यातल्या नसा स्कूटरच्या अपघातात ताणल्या गेल्या, ते तुम्हाला माहीत आहे. पण असा हात परत कसा येतो ते बहुतेकांना माहीत नसतं. इजा झालेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि वरून खाली. आधी खांदा-कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी, आलीच तर. म्हणजे ज्या हातासाठी मी कंट्रोलर करते तो हात दर महिन्याला वेगळा असतो. मार्चमध्ये तो कोपरापासून हात सरकवून तळव्याच्या कडेने दाबत होता. पुढे मनगट किंचित उचलू लागला. जिथे कडा पोचत होती तिथे आता तळवा पोचतो, आणि कोनही बदललेला.

त्यात स्विचचा प्रश्न. कंट्रोलर उघडून बघणाऱ्याला सहा मिलिमीटरचा चौकोनी टॅक्ट स्विच, म्हणजे दाबला की टक् वाजणारं छोटं बटण, ओळखीचा असतो. त्यातला नेहमी मिळणारा एक प्रकार दाबायला १६० ग्रॅमच्या आसपास जोर लागतो. मेकॅनिकल कीबोर्डचा लाल स्विच साधारण ४५ ग्रॅमला दबतो. तुमच्या-माझ्या बोटाचं या फरकाने काही अडत नाही. नुकत्याच जाग्या झालेल्या स्नायूला मात्र एक दबतो आणि दुसरा दबत नाही. आणि या दोन स्विचचे पाय सारखे नसतात: एकाला चार बारीक भोकं, दुसऱ्याला मधोमध चार मिलिमीटरचं मोठं भोक आणि बाजूला दोन. स्विच बदलला की बोर्डही बदलावाच लागतो.

मायक्रोसॉफ्टचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर घे, असंही सुचवतात. साधा कंट्रोलर धरता न येणाऱ्यांसाठी केलेली, २०१८ साली आलेली ती वस्तू मला मनापासून आवडते. मागे ओळीने १९ सॉकेट, ज्याला जो स्विच जमेल तो त्यात खोचायचा. पण तो मुळात शंभर डॉलरचा, आणि खोचायचे स्विच वेगळे विकत घ्यायचे. त्याची कल्पना मी उचलली, एवढं प्रांजळपणे सांगते.

माझ्या बोर्डाचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय पिको, २०२१ मध्ये चार डॉलरला आलेली ती छोटी पट्टी. २६ पिना वापरायला मिळतात, आणि सगळ्या पिना अडीच मिलिमीटरच्या अंतरावर, म्हणून घरी कोरलेल्या बोर्डावरही निभावतं. प्रत्येक स्विचचं एक टोक पिनेला, दुसरं ग्राउंडला. वेगळा रेझिस्टरही लागत नाही, स्विच दाबलेला नसताना पिनेचा व्होल्टेज वर धरणारा पुल-अप रेझिस्टर आतच असतो. आराखडा किकॅडमध्ये, म्हणजे बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये. जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये हे सॉफ्टवेअर सुरू केलं आणि ते आजही फुकट आहे, म्हणून माझ्यासारखीला शिकता आलं. लेझर प्रिंटरवर उलटी प्रिंट काढायची, इस्त्रीने टोनर तांब्यावर चिकटवायचा, पाण्यात कागद भिजवून सोलायचा आणि पत्रा फेरिक क्लोराईडमध्ये सोडायचा, म्हणजे टोनरखाली नसलेलं तांबं विरघळून जातं. उरलेल्या पाण्यात तांबं असतं. घराच्या मागे विहीर आहे, त्यामुळे ते मोरीत ओतण्याचा प्रश्नच येत नाही. त्यात चुना घालून गाळ खाली बसवते आणि झाकणाच्या पिंपात साठवते.

आता चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं सांगते, कारण त्याशिवाय बाकी कशाला अर्थ नाही.

गेल्या चवथीला त्याचे मित्र घरी खेळायला येणार होते. फुटबॉलचा गेम, चौघे मिळून. त्याला दुकानातल्यासारखा कंट्रोलर हवा होता. त्याने तसं तोंडाने म्हटलं नाही, पण इस्त्रीने केलेला घरचा बोर्ड तो पाहुण्यांसमोर टॉवेलखाली ठेवायचा, हे मी बघितलं होतं. म्हणून बाहेरून करून घ्यायचं ठरवलं. टेबलावर कागद पसरून त्याचा हात ठेवला, पेन्सिलीने कडा काढली, तळव्याची कड कुठे टेकते त्याची खूण केली. माप अचूक होतं. फाइल पाठवली. पार्सल कस्टममध्ये रेंगाळलं, आणि तेवढ्या आठवड्यांत त्याचं मनगट उचलायला लागलं.

बोर्ड आले. काळे, कडा गुळगुळीत, अक्षरं रेखीव. चतुर्थीच्या आदल्या रात्री मी जोडणी केली. इतके स्वच्छ जोड कित्येक वर्षांत माझ्या हातून उतरले नव्हते. त्याने तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि नुसता हसला. दुसऱ्या दिवशी आरती, जेवणं आटपल्यावर मुलं बसली. ‘ओरिजिनल दिसता रे’, कोणीतरी म्हणालं. मी आत नेवऱ्या काढत होते आणि आवाज ऐकून मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी चहा घेऊन बाहेर आले तर त्याचा डावा खांदा कानापर्यंत चढलेला. पाठ एका बाजूला वळलेली, कोपर टेबलापासून उचललेलं. जे मनगट आता कुठे वर यायला शिकत होतं ते त्याने मुद्दाम खाली पाडून धरलं होतं, कारण जुन्या मापाचा स्विच तसाच दाबता येत होता. जोर सगळा खांद्यातून. मी विचारलं, दुखत नाही ना? ‘चलता गो मावशे.’ पडद्यावरून नजरही हलवली नाही. मित्रांसमोर मी पुढे काही बोलले नाही. रात्रभर तो झोपला नाही. बहीण गरम पाण्याची पिशवी घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. सकाळी मी विचारलं, अरे, सांगायचं नाहीस? तो म्हणाला, ‘इतलो बरो बोर्ड जाला, बदल म्हूण कसो सांगूं?’

फिजिओथेरपिस्टने त्याला तसं बसून दाखवायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ज्या स्नायूला आम्ही उठवतोय त्यालाच हा झोपवून ठेवतोय.

मी चुकीचं माप दिलं नव्हतं. दिलं त्या दिवशी ते बरोबर होतं. आजही कोणी माझ्यावर बोट ठेवलं तर मी हेच सांगेन. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सुंदर, तयार, पैसे मोजून आणलेल्या वस्तूपुढे त्याने आपला हात वाकवला. इस्त्रीने केलेल्या बोर्डापुढे तो असं कधीच करत नाही. ‘हांगा नाका, थंय कर’, असं तोंडावर सांगतो. एकदा तर कोऱ्या तांब्यावर मार्करने त्यानेच स्विचची जागा आणि तिथपर्यंतची रेघ काढली. पक्क्या मार्करची शाई फेरिक क्लोराईडमध्ये टिकते. मी ती रेघ तशीच कोरली, वाकडी, आणि तिच्यातून आजही करंट जातो. घरच्या बोर्डाला त्याला नाही म्हणता येतं. दोन डॉलरांतल्या पाच बोर्डांवर माझं उत्तर एवढंच आहे.

एवढं कशाला, याचं उत्तर देणं मला अवघड जातं. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायची की हा व्यायामच आहे, खेळण्याच्या नादाने बोटं हलतील. मोठी माणसं त्यावर मान डोलवायची आणि गप्प बसायची. ते खोटं नव्हतं. पण आता मला त्या उत्तराची चीड येते. धडधाकट मुलाने गेम खेळला तर तो खेळतो, आणि आमच्या पोराने खेळला तर त्याला औषध म्हणायचं? चवथीला त्याला जिंकायचं होतं, मित्रांत बसायचं होतं. हात सुधारायला तो बसला नव्हता. तरी, फिजिओथेरपिस्टच्या त्या वाक्यानंतर हात आणि खेळ वेगळे आहेत असंही मला ठामपणे म्हणवत नाही.

आणखी एक सांगायला हवं. त्याला अजूनही काळा बोर्डच आवडतो. उरलेले चार त्याने मला फेकू दिलेले नाहीत. मी घरी बोर्ड करत राहते म्हणून तो माझ्यावर अवलंबून राहतो, असं माझी बहीण म्हणते, आणि ते मला झटकून टाकता येत नाही. आता तो एका हाताने किकॅड शिकतो आहे. ट्रॅक माझ्यापेक्षा नीट ओढतो.

सध्या वाद अंगठ्यावरून आहे. डाव्या अंगठ्याखाली जॉयस्टिकची जागा हवी, असा त्याचा हट्ट आहे. तो अंगठा अजून हलत नाही. खांद्यापासून तिथपर्यंतचं अंतर आणि दिवसाचा एक मिलिमीटर, हा हिशेब मला येतो. स्नायू नसेची वाट वर्ष-दीड वर्षच पाहतो, तेही डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, त्याच्यासमोरच. त्या जागेत मला तळव्याचा मोठा स्विच बसवायचा आहे, कारण तळवा आज चालतो. तो ऐकत नाही. त्याने फाइलमध्ये जॉयस्टिक टाकली आहे, मी ती काढली, त्याने परत टाकली. पत्रा कापून तयार आहे, प्रिंट अजून काढलेली नाही.