मोडी, जुने हिशेब आणि माझं एम.ए.

बी.कॉम. झाल्यावर मी पुण्यात एका कर सल्लागारांकडे हिशेब लिहीत होते. ते सोडून इतिहासात एम.ए. करायचं म्हटल्यावर मामा स्पष्टच म्हणाले, "टॅली येतं, जीएसटी येतं, मग हे काय नवीन?" कला शाखेत जाणाऱ्या बहुतेकांना हे ऐकावं लागतं. मला याचं उत्तर लघुप्रबंधाचं काम करताना मिळालं, म्हणून ते काम कसं झालं ते लिहिते.

विषय होता ओस जमीन. स्वारी किंवा दुष्काळ आला की कुळं गाव सोडून जात आणि शेतं पडीक राहत. पेशवाईत अशा जमिनीवर माणसं परत आणायला सरकार कौल, म्हणजे अभयाचं लेखी वचन, देई आणि इस्तावा ठरवून देई. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरवर्षी चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. छापील पुस्तकांवर लघुप्रबंध लिहून झाला असता, पण आमच्या मॅडमनी सांगितलं, मूळ कागद वाचायचे असतील तरच हा विषय घे. ते कागद मोडी लिपीत, म्हणून मोडीच्या वर्गाला बसले.

बाराखडी लवकर येते, वाचन येत नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली सलग लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. त्यात प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. अक्षर लागत नसेल तर पुढे कोणता शब्द येऊ शकतो हे माहीत असावं लागतं, आणि त्यासाठी त्या काळची भाषा, मायने (पत्राच्या सुरुवातीची ठरावीक संबोधनं), हुद्दे, महसुलाची रीत सगळंच शिकावं लागतं. तारीखसुद्धा उलगडावी लागते. 'समान सितैन मया व अलफ' म्हणजे आठ, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६८. हे सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांत वापरलेली अरबी अंकनावांची कालगणना, मृगाला सुरू होणारी. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६७-६८ येतं, म्हणजे थोरल्या माधवरावांची कारकीर्द. हे पहिल्यांदा स्वतःचं स्वतः सुटलं त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं!

पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, पुणे पुराभिलेखागारात आहे. विभागाचं पत्र आणि अर्ज दिला, परवानगी मिळाली. कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत या दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तरी बहुतांश दप्तर आजही छापलेलं नाही. तिथे बसलं की हे नुसतं वाक्य राहत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका गावच्या ताळेबंदाने. वर जमेची रक्कम, खाली वजावट: गावखर्च, हक्कदारांचे हक्क, पडीक जमिनीची सूट. रुपयापुढच्या उभ्या रेघा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण. हिशेबाची सवय असल्यामुळे मी बेरजा करून पाहिल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "जुळलं हे चांगलंच. आता सांग, हा कागद लिहिला कोणी आणि कोणाला दाखवायला?"

तिथून सगळं काम बदललं. गावाकडून आलेल्या कागदात पडीक जमीन वाढवून सांगण्यात गावाचा फायदा, कारण सूट जास्त मिळते. कमाविसदाराला, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, वसुलीचा जाब द्यायचा असतो, त्याची गरज वेगळी. जुळलेली बेरीज म्हणजे खरा हिशेब नव्हे. म्हणून एकाच गावाचे, एकाच सुमाराचे, दोन बाजूंचे कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. मी तसे वाचले, आणि लघुप्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण त्यातूनच आलं. वाणिज्य शाखेने मला बेरीज तपासायला शिकवलं. कागदाला प्रश्न विचारायला इतिहास विभागाने शिकवलं. आज कुठलाही अहवाल, जाहिरात किंवा मोबाइलवर फिरणारा मजकूर हातात आला तरी मी आधी तोच प्रश्न विचारते.

पुढे २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जुन्या महसुली नोंदी, शाळांची रजिस्टरं, गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या उघडल्या गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी मोडीत निघाल्या. एकदम सगळ्या जिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, लोकांच्या हक्काचा कागद वाचायला माणूस लागतो, आणि तो आदेश काढून महिन्याभरात तयार होत नाही. विद्यार्थी थोडे आहेत म्हणून भाषा-इतिहासाचे विभाग आक्रसत नेणं मला म्हणूनच घातक वाटतं. वर्गात आठच जण असतील, तरी ते आठ जण घडवण्याचं काम विद्यापीठाशिवाय सलगपणे कोण करणार?

मामांनी अलीकडे शेतीचं एक जुनं खरेदीखत आणून दिलं. वाचून दिलं, चतुःसीमा लागल्या. साक्षीदारांपैकी एका नावावर डाग आहे, ते अजून लागलेलं नाही. पीएच.डी.साठी अर्ज केला आहे. विषय इस्ताव्याचाच, फक्त आता एका गावाऐवजी पूर्ण परगणा घेते आहे.