लस सुरक्षित असते, हे कशावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घरात तान्हं बाळ आलं की हा प्रश्न हमखास येतो: लस काम करते आणि ती सुरक्षित असते, हे कशावरून म्हणता? प्रश्न रास्त आहे, पण तो एक नाही, दोन आहेत. लस रोग टाळते का, हे टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांची तुलना केल्याशिवाय कळत नाही. ती सुरक्षित आहे का, हे मात्र दर बाटलीमागे नव्याने तपासावं लागतं. प्लेगच्या लसीवरून आपल्याकडे या दोन्ही प्रश्नांवर कडाक्याचा वाद झाला, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी तिथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लसीचं काम सुरू केलं. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना खालून धरून वाढत आणि झुंबराच्या लोलकांसारखे रश्शात लोंबत. भांडं हलवलं की ते सुटून तळाशी जात, वर नव्या वाढीला जागा होई. काही आठवडे हे चाले. मग सगळं 65 ते 70 अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बॉलिक ॲसिड हे जंतुनाशक घालायचं. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली, तीही 10 घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना देत त्याहून कितीतरी जास्त.

टोचलेले कमी दगावतात हे लवकरच दिसलं. पण टीकाकारांचा आक्षेप बिनतोड होता: स्वतःहून लस घ्यायला येणारा माणूस मुळातच जास्त जपणारा असतो, प्लेग आला की तो गावही आधी सोडतो. मग वाचवलं कुणी, लसीने की सावधपणाने?

याचं उत्तर बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात मिळालं. फेब्रुवारी 1898 मध्ये, गावात प्लेग असतानाच, तिथे घरटी साधारण अर्ध्या माणसांना लस दिली आणि उरलेल्यांना दिली नाही. घर तेच, अन्नपाणी तेच, उंदीर तेच. ज्या कुटुंबांत पुढे प्लेग आला, त्यांतल्या न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 दगावले. टोचलेले 71 होते, त्यांतले 8 आजारी पडले आणि 3 दगावले. आज असा प्रयोग नैतिकतेच्या कसोटीवर मंजूर होणार नाही, आणि होऊही नये. पण सावधपणाचा आक्षेप या आकड्यांपुढे टिकत नाही. ते 8 आजारीही लपवायचं कारण नाही. पूर्ण संरक्षण या लसीने कधीच दिलं नाही, आणि सरकारी प्लेग कमिशननेही तसंच नोंदवलं.

आता सुरक्षितता. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या 19 जणांना एकाच बाटलीतली, 53-एन क्रमांकाची लस मिळाली होती. ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्या एकालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली 41 दिवस आधी परळच्या प्रयोगशाळेत भरलेली होती आणि हाफकिन यांनी दरम्यान कार्बॉलिक वगळून केवळ उष्णतेवर भरवसा ठेवला होता. चौकशी आयोगाने बोट ठेवलं ते प्रयोगशाळेवरच. हाफकिन यांचं काम गेलं.

पण पुराव्यात दोन गोष्टी होत्या. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता कार्बॉलिकमध्ये बुचकळून वापरला होता. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि ते तेवढ्याने मरत नाहीत. शिवाय दूषित बाटली 41 दिवस तशीच राहिली असती तर घाण वास सुटला असता. उघडताना डॉक्टरांनी वास घेऊन पाहिला होता, काहीच जाणवलं नव्हतं. 1907 साली, डासांमुळे मलेरिया पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हे मांडलं, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर पाच वर्षं गेली होती. आमच्या मते आयोगाने तो चिमटा फार हलका लेखला.

आज लसीकरणाच्या दिवशी बघायच्या गोष्टी तिथूनच कळतात. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते आणि द्रावणात मिसळून देतात. तिच्यात जंतुरोधक घालता येत नाही, कारण त्याने लसीतला जिवंत विषाणूच मरेल. त्यामुळे सुईवाटे एखादा जंतू आत गेला तर तो बिनधास्त वाढतो, आणि उन्हाळ्यात फार लवकर. म्हणून मिसळल्यापासून चार तासांत ती टाकून द्यायची, बाटलीत डोस उरले तरी. पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरची एकत्र लस) काही लसींत जंतुरोधक असतं. ती उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत नीट ठेवली तर 28 दिवसांपर्यंत चालते. बाटलीवर गोलाच्या आत एक छोटा चौकोन असतो, तो बाहेरच्या गोलाहून फिका हवा. गोलाइतका गडद झाला असेल तर लसीला जास्त उष्णता लागलीय, ती वापरायची नाही. मिसळल्याची वेळ बाटलीवर लिहिलेली असायला हवी. दिसली नाही तर नर्सताईंना सरळ विचारा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, कारण क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुधा त्याच वेळात उठते आणि तिच्यावरचं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन तिथे हाताशी असतं.