बेल्ट लावलेला, तरी दिवा लाल

आठवडाभर गाडीतला सीटबेल्टचा लाल दिवा विझत नव्हता. बेल्ट लावलेला असायचा, तरी टूं टूं चालूच. आज सुट्टी होती, म्हटलं बघूनच टाकू.

आधी संशय बकलवर. त्यात एक छोटा स्विच असतो, बेल्टच्या टोकाची धातूची पट्टी आत गेली की त्याची स्थिती बदलते. सीटखालचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. पट्टी आत-बाहेर केली की रीडिंग दरवेळी नीट बदलत होतं. म्हणजे बकल ठणठणीत.

मग टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलं. सीट पूर्ण मागे सरकवली आणि सापडलं! वायर रुळावर घासून सोलली होती, आतली तांब्याची तार जेमतेम दोन धाग्यांवर लोंबत होती. सोल्डर केली, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली, सीट पुढेमागे होईल एवढी ढील ठेवून बांधली. दिवा गेला. इतका आनंद झाला की दोनदा चावी फिरवून पाहिलं.

एक मात्र कळकळीने सांगते. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचे असतात. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हात लावू नका, आणि मीटर तर त्यांना लावूच नका.

आणि आवाज बंद करायला बेल्टऐवजी बकलमध्ये नुसती खोटी क्लिप खोचणं मला अजिबात पटत नाही. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगची यंत्रणाही बेल्ट लावलाय की नाही हे त्याच स्विचवरून ओळखते.